खाली बसायची हौस

फिनलंडहून आलेल्या आइनोला आखाडा बाळापुरात वर्ष होत आलं होतं. उंच, पिंगट केसांची ही बाई गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवी, लक्ष्मीबाईच्या माडीवर राही, ठेचा खाऊन डोळ्यांतून पाणी काढी आणि पुन्हा मागून घेई. जीपमध्ये अर्ध्या मांडीएवढ्या जागेत बसायलाही ती शिकली होती. एकच गोष्ट तिला कुणी देत नव्हतं, ती म्हणजे जमीन.

कुणाच्याही दारात पाऊल टाकलं, की आतून खुर्ची येई. लाल, प्लास्टिकची, पदरानं पुसलेली. घरात नसली तर शेजारून येई. बाया खाली घोळका करून बसत आणि ही वर एकटी, तुरीतल्या बुजगावण्यासारखी. वर बसलेल्या बाईशी बोलणंही वरवरचंच.

"तुमच्याकडं थंडी लई असंल न्हाई?"

"हो, फार."

संपलं. ती उठून कोपऱ्यावर वळली, की मागं असा हशा फुटे की तिचे पाय जड होत. काय बोलल्या असतील? उन्हाळ्याची सुट्टी लागली की ती मायदेशी जाणार होती. त्या हशात एकदा तरी बसल्याशिवाय तिला जायचं नव्हतं.

एकदा ती सरळ भुईवर टेकली. "आगं माय! बाई खाली काहून बसल्या?" म्हणत दोघींनी बगलेत हात घालून तिला उचललं. पुढच्या वेळी तिनं थाप मारली, की डॉक्टरनं खुर्चीवर बसू नका म्हणून सांगितलंय. तर तिच्यासाठी बाज आली, बाजेवर गादी, गादीवर लोड. आधीपेक्षा वीतभर उंच!

लक्ष्मीबाईची धाकटी लेक शीतल त्याच शाळेत शिकवायची. ती म्हणाली, "बाई, तुमच्यानं उतरणं व्हत न्हाई. तुमाला उतरवावंच लागतंय."

"कोण उतरवणार?"

"दाजी," शीतल गालात हसली.

पापडाचा दिवस ठरला. थोरली आकांक्षा सासरहून आलेलीच होती. शीतलनं सकाळीच आळीतल्या साऱ्या खुर्च्या शाळेतल्या संध्याकाळच्या पालकसभेला म्हणून टेम्पोत घातल्या. सभा खरीच होती, फक्त एवढ्या पालकांची नव्हती. घरात एकच खुर्ची उरली आणि तिच्यावर बसवली गेली आइनो. मग शीतलनं आकांक्षाच्या सासरी, वसमतला फोन लावला. "दाजी, मटणाचा बेत हाय."

दुपारी पडवीत शेजारणींच्या पोळपाटांचा खडखडाट चालू असताना आकांक्षाचा नवरा प्रज्ञेश मोटारसायकलवरून उतरला. लक्ष्मीबाईची नजर चारी बाजूंनी फिरली.

"मिराबाई, तुझी खुर्ची?"

"शाळेत."

"शालूबाई, तुझी?"

"तिच्यासंगंच गेली की."

आइनो लगबगीनं उठू लागली, तर लक्ष्मीबाईनं तिचा खांदा दाबला. "बसा, बसा बाई!" आणि प्रज्ञेश पडला भला माणूस. "असू द्या, म्याडमला बसू द्या," म्हणून त्यानं बायांच्या मधोमध भुईवर फतकल मारली. नव्या पँटीला पीठ लागलं. शीतलनं कपाळावर हात मारला.

"आई," आकांक्षा दातओठ खात पुटपुटली, "सासरी कळलं तर? जावयाला खाली बसवलं म्हणतील!"

लक्ष्मीबाईनं एकदा जावयाकडं बघितलं, एकदा खुर्चीकडं. आणि मग वर्षभराचा सगळा मान एका झटक्यात सुटला.

"ऊठ गं आइनो! दिसत न्हाई का जावई आला?"

आइनो एवढ्या घाईनं उठली की खुर्ची उलटी झाली. एका वर्षात पहिल्यांदा तिच्यावर कुणी खेकसलं होतं. ती मिराबाई आणि शालूबाईच्या मधल्या फटीत शिरली, मांडी घातली. कुणी तरी तिच्या हातात लाटणं कोंबलं, कुणी तरी "सरक की जरा" म्हणून ढोपर मारलं.

"काहून गं," मिराबाईनं विचारलं, "तिकडं एकबी नवरा पसंत पडला न्हाई?"

आइनो विचारात पडली. "चांगले होते. पण दिवसभर बोलत नव्हते."

"न बोलणारा नवरा!" शालूबाईचं लाटणं थांबलं. "आन् तू तो सोडून आलीस, येडे?"

पडवी हसून हसून आडवी झाली. सरळ करून दिलेल्या खुर्चीवर प्रज्ञेश अवघडून मोबाइल बघत राहिला. शालूबाईनं आइनोचा पापड दोन बोटांनी उचलून सगळ्यांना दाखवला आणि गळा सोडला:

*आइनोबाईचा गं वाकडातिकडा पापड,*
*वाळत घातलंया जणू चिंध्याचं कापड.*

आइनोच्या डोळ्यांतून पाणी आलं, हसण्याचं की कशाचं, तिलाही कळेना.

"हसून काय राहिली?" लक्ष्मीबाई ओरडली. "लाट!"