आमच्यात

चांगुणानं चहाचा कप म्हाळूआप्पांच्या पुढ्यात आदळला. निम्मा बशीत सांडला. उद्या मांडवगणला वरच्या गावाशी समेटाची बैठक, आणि हा माणूस मघापासून नुसत्या उन्हाळ्याच्या गप्पा हाणत होता.

वरच्या गावानं बंधाऱ्यावर लोखंडी ढापे टाकून नदीचं पाणी अडवलं, तेव्हा खालची धनगरवस्ती आणि चांगुणाची बौद्धवस्ती मिळून ते काढायला गेल्या होत्या. तिथं काठ्या चालल्या. चांगुणाच्या पोराचा, सम्राटचा हात मोडला. कुरकुंभच्या कंपनीतलं काम गेलं ते वेगळंच. त्यानं पोलिसांत तक्रार दिली, तेव्हा धनगरवस्तीच्या या आप्पांनीच देवाचा भंडारा उचलून शब्द दिला होता, की समेट करायचा तर दोन्ही वस्त्यांनी मिळून, आणि सम्राटला न्याय मिळाल्यावरच.

"मग उद्या पहिलं बोलायचं कुणी?" तिनं विचारलं.

आप्पा बशीत फुंकर मारत राहिले. कोर्टकचेऱ्यांत कुणाचं भलं झालंय, मका वाळून चाललाय, पोरानं जरा दमानं घ्यावं, असलं बरंच काही ते बशीकडं बघूनच बोलले.

"दमानं म्हंजी?"

"तक्रार मागं घ्यायची. लगोलग ते ढापे काढत्यात. आमच्यात तसं ठरलंय."

चांगुणा बघतच राहिली. भांडण झाल्यापासून हा माणूस याच घरात बसून आपलं पाणी, आपली पोरं, आपला सम्राट करत होता.

"आमच्यात म्हंजी कुणाकुणात, आप्पा?"

आप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "तसं न्हाई गं. आपल्यात म्हणायचं हुतं मला."

"बरोबरच बोललात तुम्ही."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. हात मोडला तिच्या पोराचा, आणि तो देऊन पाणी घेऊन आले हे! जनाची नाही तर मनाची तरी? तिनं त्यांच्या हातातली बशी काढून घेतली आणि चहा मोरीत ओतला.

आप्पा उठले. उद्या येणार ना, एकाच बाजूला बसायचंय, असं दारातून दोनदा म्हणाले. येते की, म्हणाली ती.

दुसऱ्या दिवशी मंगल कार्यालयात समोरासमोर दोन सतरंज्या अंथरल्या होत्या, एक वरच्यांची, एक खालच्यांची. आप्पांनी सरकून शेजारी जागा केली आणि तिथं हातानं थोपटलं. चांगुणा तिकडं गेलीच नाही. काखेत घरून आणलेली सतरंजी तिनं मधोमध झटकली, अंथरली. मोडका हात गळ्यातल्या झोळीत अडकवलेल्या सम्राटला आधी बसवलं, मग आपण बसली.

मध्यस्थानं घसा खाकरून खालच्यांचं म्हणणं विचारलं.

"त्यांचं त्यांना विचारा," चांगुणा म्हणाली. "आमची तक्रार हाय तशीच ऱ्हाणार."

वरच्या गावचे लोक आप्पांकडं बघायला लागले. आप्पांचा हात अजून त्या मोकळ्या जागेवरच होता.