पेट्रासेकचा खांब

एमिल स्टॅनेकने गुडघे टेकून बेसबॉलच्या मैदानालगतच्या लाकडी खांबाच्या बुंध्याशी साचलेली ओली माती बाजूला सारली आणि स्क्रूड्रायव्हर लाकडात दाबला. जोर लावावाच लागला नाही. ओल्या पावात सुरी जावी तसा तो मुठीपर्यंत आत गेला. दुसऱ्या बाजूनं तेच, तिसऱ्या बाजूनंही तेच. वर चाळीस फूट खांब मात्र ताठ उभा, नुकताच रंगवलेला आणि देखणा.

गावाच्या देखभाल खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला आणखी काही बघायची गरज नव्हती. खांब जमिनीलगत कुजला होता, आणि कुजवला होता तो गावाच्याच मायेनं. दर एप्रिलमध्ये पोरांच्या आया त्याच्या बुंध्याशी ताजी माती ओढायच्या, फुलझाडं लावायच्या आणि बादल्या बादल्या पाणी घालायच्या. एमिल स्वतःच त्यांना नळी जोडून द्यायचा.

खांबावर छातीच्या उंचीवर एक खोक होती, पांढऱ्या रंगानं रंगवलेली. एकोणपन्नास वर्षांपूर्वी विन्स पेट्रासेकनं मारलेला चेंडू कुंपणावरून सरळ येऊन तिथे आदळला होता. पुढे विन्स मोठ्या संघात गेला, एक्केचाळीस सामने खेळला, आणि केटल फोर्क या गावाला सांगण्यासारखं काहीतरी मिळालं. तेव्हापासून मोसमाच्या पहिल्या सामन्याआधी गावातलं प्रत्येक पोर त्या खोकेला हात लावतं. लहानग्यांना मोठी पोरं उचलून धरतात. तो चेंडू विन्सला टाकला होता सतरा वर्षांच्या एमिलनं. ‘फटका विन्सचा, पण चेंडू कुणाचा?’ असं लोक त्याला अजून चिडवत, आणि त्याला ते फार आवडे. फेब्रुवारीत विन्स गेला, तेव्हा शवपेटीला खांदा देताना एमिल लहान मुलासारखा रडला होता.

नगराध्यक्षा कॉलीन ड्वोर्स्की त्याचं बोलणं उभ्याउभ्याच ऐकत होती. तिच्या मागच्या भिंतीवर प्रचाराचं पत्रक होतं. त्यावर ‘आधी मुलं’ अशी अक्षरं आणि दोन्ही बाजूंना तिचे जुळे मुलगे. शाळेपुढचे गतिरोधक आणि तळ्याभोवतीची जाळी तिनंच भांडून आणली होती, हे कुणीही नाकारलं नसतं.

"शनिवारी टिकेल ना?" तिनं विचारलं.

"आज टिकलाय. त्यापुढचं मला विचारू नकोस. त्यावर तू वीस फुटी कापडी फलक लावणार आहेस. वारा आला की त्याचं शीड होईल, पोरी."

"एमिल, मतदानाला तीन आठवडे राहिलेत. विन्सचा खांब विन्सच्याच स्मरणदिनाआधी मी पाडला, तर मला या गावात कुणी दारात उभं करेल?"

"मुलांना निदान लांब तरी ठेव."

"ऐंशी मुलं हात लावणार, हाच तर कार्यक्रम आहे." ती खिडकीकडे वळली. "सोमवारी सकाळी पाडा. कुणाला काही सांगायची गरज नाही. आणि खरं सांगा, तुम्हाला तरी बघवणार आहे का तो पडताना?"

एमिलनं टोपी डोक्यावर घातली. लेखी अहवाल द्यायचा नियम होता, पण त्यानं तो दिला नाही. बाईनं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी त्यानं मुलीला फोन केला.

"मार्नी, उद्या टेसाला मैदानावर आणू नकोस."

"म्हणजे? बाबा, पहिलंच वर्ष आहे तिचं! टोपी घालून झोपतेय ती चार दिवस."

"ताप आलाय म्हणून सांग सगळ्यांना."

"कशाला खोटं बोलायचं? झालंय काय?"

"मी सांगतोय म्हणून."

मग मार्नी म्हणाली, "ठीक आहे," आणि फोन ठेवला. एमिलला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

शनिवारी सकाळपासून नदीकडून वारा सुटला होता. खांबावरच्या फलकात विन्सचा हसरा चेहरा फुगत होता, पुन्हा सपाट होत होता. एमिल बाकांच्या पहिल्या रांगेत बसला. त्याला फलकाकडे बघवेना, म्हणून तो माणसांकडे बघत राहिला.

फलक चढवणारा डग कुंपणाबाहेर आपल्या गाडीला टेकून उभा होता. त्याची पोरगी संघाचा गणवेश घालून गाडीत बसली होती, काचा बंद. खांबाच्या टोकाशी चढलेल्या डगला तो हललेला जाणवला नसेल, असं होणं शक्य नव्हतं. एमिलनं चटकन व्यासपीठाकडे मान वळवली. कॉलीन हात हलवत होती. प्रत्येक पत्रकावर आणि प्रत्येक फोटोत तिच्या दोन्ही बाजूंना असणारे जुळे आज कुठेच नव्हते.

तिची आणि त्याची नजरानजर झाली. तिनं आधी त्याच्या शेजारची रिकामी जागा पाहिली, मग ध्वनिक्षेपकाकडे वाकून हसली.

ज्यांना ज्यांना माहीत होतं, त्यांची मुलं मैदानात नव्हती.

"बसू का इथे?" येसेनियानं विचारलं. मागच्या हिवाळ्यात ती या गावात राहायला आली होती. तिची सात वर्षांची लूझ टेसाच्याच संघात होती. "टेसा कुठंय? लूझ कधीची शोधतेय तिला."

"ताप आहे," एमिल म्हणाला.

"अरेरे! आजच्या दिवशीच? बिचारी." येसेनियानं लूझच्या बुटाची नाडी घट्ट केली. "आम्हाला इथलं अजून फारसं कळत नाही हं, आजोबा. एकच हात लावायचा की दोन्ही?"

व्यासपीठावरून घोषणा झाली आणि मुलं धावत सुटली. वाऱ्याचा मोठा झोत आला, फलक ताणला गेला, आणि लोकांनी विन्सच्या नावानं टाळ्या वाजवल्या. लूझ दोन पावलं गेली आणि मागे वळली.

"आजोबा, मी टेसाच्या वाटचा पण हात लावून येते. म्हणजे तिचं चुकणार नाही."

"गुणाची गं माझी," येसेनिया म्हणाली.

एमिल उठला. त्यानं लूझचं मनगट धरलं, इतकं घट्ट की पोर कळवळली आणि तिची आई दचकून उभी राहिली.

"तिला ताप नाही," तो म्हणाला.

येसेनियाला काही कळलं नाही. मागच्या रांगेतल्यांनी माना उंचावल्या. पहिली मुलं खांबाशी पोचत होती.

"टेसाला ताप नाही!" एमिल सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, आणि पोरीला आईच्या हाती देऊन खांबाकडे धावला.