बॅक बदलायची ठरली तेव्हा

आमच्या धंद्यातले लोक ह्यांना ‘ओळंबा’ म्हणायचे. भिंतीवरची फ्रेम केसभर कललेली असली तरी दारातूनच ह्यांच्या कपाळाला आठी पडायची. तेहेतीस वर्षं आम्ही दोघं मिळून चित्रांचे फोटो काढत आलो. म्हणजे काढायचे हे, आणि संगणकावर रंग जुळवायची मी. संग्रहालयं, लिलाववाले, गेलेल्या चित्रकारांच्या बायका, सगळे आमच्याकडे यायचे. मूळ चित्र जळालं तरी ह्यांच्या फोटोवरून ते पुन्हा रंगवता येईल, असं लोक म्हणायचे, आणि ते ऐकून हे उगाच खाली बघायचे.

आमचा कॅमेरा जुना, पण दणकट. फिल्मचा जमाना संपला तेव्हा फिल्मच्या जागी, कॅमेऱ्याच्या पाठीला, डिजिटल बॅक बसवली होती. जाडजूड डबाच तो. बारा वर्षं झाली त्याला. फोटो काढण्याआधी त्या बॅकवर काही दिसत नसे. वरच्या काचेत डोळा लावायचा, लेन्सची कडी फिरवायची, आणि चित्र नजरेला रेखीव दिसलं की बटण दाबायचं. सगळा भरवसा डोळ्यावर.

गेल्या वर्षी एका सकाळी मी फाइल उघडली तर चित्र किंचित धूसर. तिवई हलली असेल, म्हटलं. दुसऱ्या दिवशी तसे तीन फोटो निघाले. आठवडाभरात अकरा. ह्यांना दाखवायला मी खुर्चीतून उठलेसुद्धा होते. हे लेन्स पुसत होते, तोंडानं काहीतरी गुणगुणत होते.

“कसे आलेत?” मान वर न करता ह्यांनी विचारलं.

“छान आलेत,” मी म्हटलं आणि परत बसले.

एकदा खोटं बोललं की दुसऱ्यांदा जीभ अडखळत नाही. दुपारी जेवून हे अर्धा तास आडवे व्हायचे. तेवढ्यात मी स्टुडिओत जायची, दार लोटून घ्यायची आणि बिघडलेले फोटो पुन्हा काढायची. दिवे ह्यांनीच लावलेले असायचे, कॅमेराही जागेवर. मला फक्त चित्र परत चढवून, काचेत बघून कडी जराशी फिरवावी लागायची. इतकी वर्षं शेजारी उभं राहून हात आपोआप शिकला होता. मग ह्यांची फाइल पुसायची आणि त्याच नंबरानं माझी ठेवायची.

नणंदेला तेवढं सांगितलं. ती फोनवरच ओरडली, “वहिनी, आजच्या आज दादाला डॉक्टरकडे ने! हे झाकायचं असतं का?”

“नेते,” म्हटलं. पण नेलं नाही. चष्म्याचा नंबर वाढला असेल, एवढं काम हातावेगळं होऊ दे, संग्रहालयाचा कॅटलॉग छापून येऊ दे. आज नाही उद्या, असं करत वर्ष गेलं. खरं कारण वेगळंच होतं. ज्या माणसाची सगळी पत त्याच्या नजरेत, त्याला ‘तुमची नजर गेली’ हे मी कुठल्या तोंडानं सांगणार होते?

तशात बाजारात नवी बॅक आली. तिच्यातलं चित्र फोटो काढण्याआधीच संगणकाच्या पडद्यावर दिसायचं, हवं तेवढं मोठं करता यायचं, आणि फोकस बरोबर लागला की कडा रंगीत होऊन उजळायच्या. मला वाटलं, देव पावला. ही घेतली की ह्यांना काचेत बघावंच लागणार नाही. काहीच सांगावं लागणार नाही.

मी रोज विषय काढू लागले. ह्यांचं एकच पालुपद.

“जुनीनं कधी दगा दिलाय का? मग कशाला?”

“अहो, जग कुठल्या कुठे गेलं.”

“जाऊ दे की. चित्र मेगापिक्सेलनं दिसतं का? डोळ्यानं दिसतं. ज्यांना नजर नाही त्यांची खेळणी आहेत ती.”

शेवटी मी संग्रहालयातल्या मॅडमच्या नावावर बिल फाडलं. त्यांना याहून मोठ्या फाइली हव्यात, नाहीतर काम दुसरीकडे जाईल, असं ठोकून दिलं. मग हे दोन दिवस वापरून बघायला तयार झाले.

कंपनीचा माणूस सोमवारी दहाला आला. बोलका होता, सारखं ‘सर, सर’ करत होता. त्यानं नवी बॅक कॅमेऱ्याला चढवली, समोर चौकटी-चौकटींचा एक तक्ता लावला आणि तो पडद्यावर मोठा केला. हे चष्मा सारखा करून पुढे वाकले. बराच वेळ बघत राहिले.

“ही सदोष आहे,” हे म्हणाले.

“काय झालं सर?”

“मधल्या रेघा वाकल्यात. इथे बघा, पोट सुटलंय.”

“सर, सरळ आहेत.” त्यानं टेबलावरची स्टीलची पट्टी उचलून पडद्यावर टेकवली. “हे बघा.”

“पट्टीही वाकडी आहे तुमची.”

थट्टा समजून तो हसला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं आणि त्याचं हसू मावळलं. ह्यांनी उजवा डोळा तळव्यानं झाकला. मग डावा झाकला. मग पुन्हा उजवा, पुन्हा डावा. उजवा डोळा म्हणजे ह्यांचा काचेला लावायचा डोळा.

“अगं,” हे हळूच म्हणाले, “मध्ये काहीच नाही. नुसता करडा डाग आहे.”

डोळ्यांच्या डॉक्टर वयानं आमच्या मुलीसारख्या होत्या. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले, डोळ्यांच्या आतल्या पडद्याचे फोटो काढले. उजव्या पडद्याच्या मधोमध रक्त झिरपून व्रण झाला होता. त्या डोळ्यानं कडेकडेचं दिसेल, समोरचं नाही. डाव्याला नुकती सुरुवात होती. दरमहा इंजेक्शनं घेतली तर तो टिकेल, कदाचित. रेघा वाकड्या दिसत होत्या त्या डाव्याला.

“वर्षभर आधी आला असतात तर उजवाही बराचसा वाचला असता,” त्या म्हणाल्या. “काहीच जाणवलं नाही? कामात चुका वगैरे?”

“छे. काम उत्तम चाललंय,” हे म्हणाले. “हिलाच विचारा.”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी तिथेच, त्या परक्या मुलीसमोर, सगळं सांगितलं. हे थेंबांनी पाणावलेले डोळे मिटून ऐकत होते. डॉक्टर खाली मान घालून कागदावर लिहीत राहिल्या.

घरी आल्यावर हे कपडेही न बदलता बसून राहिले. मी पाणी आणून ठेवलं, ते तसंच राहिलं.

“मला शंका आली होती,” हे म्हणाले. “काचेत धुरकट दिसायचं. डॉक्टरांचा नंबरसुद्धा काढून ठेवला होता मी. पण तू रोज सांगायचीस, छान आलेत. मी म्हटलं, डोळा बिघडला असता तर फोटो छान कसे आले असते? म्हणून मी काचेला दोष देत राहिलो.”

मी खाली फरशीवर बसले. मला माफ करा, म्हणाले असेन. हे ऐकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी यादी मागितली. वर्षभरातले माझे फोटो कुठले आणि ह्यांचे कुठले. मी एकेक नंबर वाचत गेले. ह्यांनी मध्येच थांबवलं.

“कॅटलॉगच्या कव्हरवरचा? निळ्या शालीतली बाई?”

तो कॅटलॉग ह्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवला होता.

“तो माझा.”

“बरं,” हे म्हणाले. “पुढे वाच.”

हे कोणाची फसवणूक सहन करणारे नव्हते. त्याच दुपारी मॅडमना फोन लावला आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, फोटो चांगले आहेत, आमची काही तक्रार नाही. उरलेलं काम बाईंनीच करावं. आणि हो, याहून मोठ्या फाइली त्यांनी कधीच मागितल्या नव्हत्या. फोन ठेवून हे माझ्याकडे वळले तेव्हा चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

शुक्रवारी कंपनीच्या माणसाचा फोन आला. बॅक परत न्यायची की ठेवायची? मी म्हटलं, न्या. मला ती डोळ्यांसमोर नको होती. ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

“ठेवतोय,” हे म्हणाले आणि फोन बंद केला.

“कशाला? कोणासाठी?”

“तू मला काही कळू नये म्हणून घेत होतीस. आता कामासाठी घे. काम चांगलं व्हायला पाहिजे, आणि ही बॅक चांगली आहे. ते मला पहिल्या पाच मिनिटांतच दिसलं होतं. जेवढं दिसलं तेवढ्यात.”

जुनी बॅक तो माणूस बदल्यात घेऊन गेला. त्या दिवशी हे स्टुडिओत आले नाहीत. त्यानंतरचे दहा दिवसही आले नाहीत. मी एकटीनं दिवे लावले, चित्रं चढवली आणि उतरवली. नवी बॅक खरोखरच अप्रतिम होती. वाळलेल्या रंगातली तडसुद्धा पडद्यावर नदीएवढी दिसायची. दाखवायला शेजारी कोणी नव्हतं.

डाव्या डोळ्याचं पहिलं इंजेक्शन झालं त्याच्या पुढच्या आठवड्यात हे आले. भिंतीला हात लावत माझ्या मागच्या स्टुलावर बसले.

“काय लावलंयस?”

“म्हातारा आणि घोडा. मोठं आहे, तीन फुटी.”

“फोकस तपास.”

“तपासला.”

“परत तपास.”

मी पडद्यावर घोड्याचा डोळा मोठा केला. एकेक पापणी वेगळी दिसत होती. कडी इकडे फिरवून बघितली, तिकडे फिरवून बघितली, पुन्हा होती तिथेच आणली.

“बरोबर आहे,” मी सांगितलं.

हे उठून पडद्याजवळ आले. मान वाकडी करून, डाव्या डोळ्यानं बघत राहिले. किती स्पष्ट दिसलं कोण जाणे. मग स्टुलावर जाऊन बसले आणि म्हणाले, “आणखी एकदा.”

मी आणखी एकदा तपासला.