रागातली पकड

मुठीवालीचं काम काय, हे कुणी विचारलं की ती सांगायची, आणि ऐकणारा आधी हसायचा आणि मग विचारायचा, "याचा पगार देतात?" देतात. वेळेवर देतात.

ती ज्या कारखान्यात होती तिथे हत्यारांच्या मुठी बनत. स्क्रू ड्रायव्हरच्या, करवतीच्या, गवंड्याच्या थापीच्या. प्लॅस्टिकचे दाणे यंत्रात एका बाजूने आत जात, वितळून दाबाखाली पोलादी साच्यात शिरत आणि गार झाल्यावर मुठी होऊन टपाटप पेटीत पडत. पण पोलादी साचा कशावरून बनवायचा? कुणाच्या तरी हातावरून. असा हात शोधायचा आणि त्याची पकड घेऊन यायची, हे हिचं काम.

त्यासाठी तिच्याकडे एक डबा असे. त्यात खडीसाखरेएवढे पांढरे दाणे. गरम पाण्यात टाकले की ते काचेसारखे पारदर्शक होत, एकमेकांना चिकटत आणि कणकेसारखे मळता येत. तो गोळा हत्याराला थापायचा आणि सुताराला किंवा गवंड्याला म्हणायचं, "धरा आता." गार होता होता गोळा पुन्हा पांढरा आणि हाडासारखा टणक होई, आणि त्यावर बोटन् बोट उमटलेलं असे. आवडलं नाही तर परत गरम पाण्यात. दाणे कधी रुसत नाहीत, असं ती म्हणायची, आणि माणसांकडे बघून म्हणायची.

या कामाला नियम एकच होता. पकड काम करणाऱ्या हाताची घ्यायची. रिकाम्या हाताची पकड खोटी. एकदा कुणीतरी घाईत, गवंडी फोटोसाठी उभा असताना त्याची पकड घेतली होती. त्या थाप्या बाजारातून परत आल्या. फोटोत मात्र त्या फार छान दिसत. हा किस्सा मुठीवाली प्रत्येक नव्या माणसाला रंगवून सांगे. आणि तरीही स्वतःच्या घरात तिने तीच चूक केली, म्हणून तर ही गोष्ट.

आई शिंपीण. पुढच्या खोलीत तिचं दुकान, आणि दुकानात कापड बेतायचं लांबरुंद टेबल, ज्याच्यापुढे शिलाई मशीन बिचारं पाहुण्यासारखं कोपऱ्यात बसलेलं. आईचं म्हणणं असं की शिवायला कुणीही शिवतं, बेतायला माणूस लागतो. एकदा कात्री चालली की ती परत फिरवता येत नाही. आईला ते फार आवडायचं. तिचा स्वभावही तसाच होता.

पण अंगठ्याच्या मुळाशी सांधा धरला. मोठी कात्री दोनदा मिटली की हातातून कळ जाई. डॉक्टर म्हणाले, कात्री सोडा. आईने डॉक्टर सोडला. मग कळ एवढी वाढली की एके दिवशी एका बाईचं महागडं कापड तिरकं गेलं, आणि आईने ते भरून दिलं आणि जाहीर केलं की महिनाअखेर दुकान बंद. टेबल शेजारच्या बाइंडरला द्यायचं ठरलं.

बाइंडर वह्यापुस्तकं बांधायचा. माणूस भला, पण जिभेला हाड नाही. टेबलावर त्याचा कैक वर्षांपासून डोळा होता. बाबांनी यावर काही म्हणावं अशी मुठीवालीची अपेक्षा होती, पण बाबा कधीच कशावर काही म्हणत नसत. आई म्हणाली, दुकान बंद, तर बाबा म्हणाले, "बरं." आई म्हणाली असती, घराला चाकं लावते, तरी ते "बरं" म्हणून कोणती खुर्ची पुढे ठेवायची ते विचारायला आले असते. नोकरीतून सुटल्यापासून आई बेतायला लागली की समोर उभं राहून कापडाचं टोक धरणं, एवढं त्यांचं काम होतं.

मुठीवालीला मात्र ते बघवेना. दुकान नसलेली आई ही कल्पनाच तिला सहन होईना. एका संध्याकाळी ती डबा घेऊन घरी आली, पाणी तापवलं, गोळा मळला आणि कात्रीच्या दोन्ही कड्यांना जाडसर थापला.

"धर," ती आईला म्हणाली.

"हे काय चिकटवलंस? माझी कात्री बाटवलीस," आई म्हणाली, पण तिने धरली.

"आता कापड काप."

"कापता आलं असतं तर तुझी ही कणीक कशाला लागली असती?"

पकड घ्यायची तर कापायला हवं, आणि कापायचं तर आधी पकड हवी. मुठीवाली विचार करते आहे, गोळा गार होतो आहे, तेवढ्यात बाइंडर आत आला. हातात टेप.

"ताई, जरा माप घेऊ का? म्हणजे काय आहे, माझ्या खोलीत हे टेबल मावलं नाही तर पायांना करवत लावावी लागेल."

पायांना करवत! आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातली कात्री तिने अशी आवळली की लेक बघतच राहिली. बाइंडर टेबल मोजून, चहा पिऊन, वर "बिस्किटं मऊ पडलीत" असं सांगून गेला, तोपर्यंत गोळा पांढरा टणक झाला होता. पाचही बोटं स्वच्छ उमटली होती. मुठीवाली खूश झाली. नियमाची आठवण तिला झालीही, पण घरच्या कामाला कुठला नियम, असं म्हणून तिने कानाडोळा केला.

दुसऱ्या दिवशी आईने कात्री धरली आणि लगेच टाकली. गोळ्यावरचा एक उंचवटा नेमका दुखऱ्या सांध्यावर टोचत होता. "घेऊन जा तुझ्या कारखान्यात," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा पडला की मुठीवालीला स्वतःची लाज वाटली. तिने कात्री परत घ्यायला हात पुढे केला, तोच दारातून आवाज आला.

"ताई, मी काय म्हणतो, टेबलाला हिरवा रंग दिला तर?"

"हिरवा?" आई म्हणाली. तिने कात्री उचलली आणि समोरच्या कापडात घातली. करकर करकर करत कात्री या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, बाही बेतली, कॉलर बेतली, आणि हिरव्या रंगाबद्दल आईला काय वाटतं तेही तेवढ्यात सांगून झालं. कळ नाही, काही नाही. टोक धरून उभ्या असलेल्या बाबांनी मुठीवालीकडे पाहिलं. मुठीवालीने कपाळावर हात मारला.

पकड रागाची होती. रागात आई अंगठ्यावर भार टाकतच नसे, सगळा पंजा आवळायची, आणि मग तो उंचवटा बरोबर तळहाताच्या खळग्यात बसायचा. शांत हाताला तीच मूठ काट्यासारखी टोचायची. थोडक्यात, कात्री उत्तम चालत होती. फक्त कापणारीने चिडलेलं असायला हवं होतं.

"वितळवते आणि परत घेते," मुठीवाली म्हणाली.

"खबरदार!" आईने कात्री छातीशी धरली. "चालतेय तशी राहू दे. वितळवलीस आणि पुढची धड झाली नाही, तर ही पण जाईल."

आईला कारण ठाऊक नव्हतं आणि ते तिला सांगायची दोघांची छाती नव्हती. तू चिडलीस की छान कापतेस, हे शिंपिणीला कोण सांगणार? मग बापलेकींनी दुसरा मार्ग काढला. बाइंडरला रोज चहाला बोलवायचं.

तो आनंदाने येई. आता टेबल लवकरच मिळणार, नाहीतर एवढा पाहुणचार कशाला, अशी त्याची समजूत झाली. कधी तो टेबलावर खळ सांडली तर डाग जाईल का विचारी, कधी मधोमध भोक पाडून पुस्तकं दाबायचा शिकंजा बसवायचं म्हणे, आणि प्रत्येक वेळी आईची कात्री सपासप चालत असे. गिऱ्हाइकांचे कपडे वेळेआधी तयार होऊ लागले. महिनाअखेर आली आणि गेली. दुकान बंद करायचं कुणी बोलेना. बिचाऱ्याला कळत नव्हतं की त्याला टेबल मिळू नये याची सोय तो स्वतःच रोज चहा पिऊन करत होता. मुठीवालीला त्याची दया येई आणि हसूही येई. दयेपेक्षा हसू जास्त.

पण माणूस भला असला की कधी ना कधी घात करतोच. एके सकाळी बाइंडर आला, आईला कापताना बघत उभा राहिला आणि डोळे पुसून म्हणाला, "ताई, मला नको टेबल. इतके दिवस बघतोय. हे टेबल तुमच्याकडेच शोभतं. माझ्या तोंडून भलतंसलतं गेलं असेल तर माफ करा."

आई विरघळली. "अहो भाऊ, बसा ना," ती म्हणाली, आणि हातातली कात्री पुढे सरकवायला गेली. कळ थेट कोपरापर्यंत गेली. कात्री टेबलावर पडली.

बाइंडर गेल्यावर मुठीवालीने बाबांना स्वयंपाकघरात गाठलं. "बाबा, आता तुम्हीच."

"मी काय?"

"भांडा."

"कुणाशी?" त्यांनी मागे वळून बघितलं, जणू तिथे दुसरं कुणी उभं होतं.

बाबा बाहेर आले. घसा साफ केला. "अगं," ते म्हणाले, "तुझा चहा... आज जरा पातळ होता."

"आज चहा तुम्ही केला होता."

"हो का? बरं." मग त्यांनी परत धीर केला. "आणि तू... तू मशीनवर फार मोठ्याने बसतेस."

आईला हसू फुटलं. हसणाऱ्या हाताला तर कात्री मुळीच धरवेना. तिने ती बाजूला सारली, हसता हसता तिचे डोळे भरले आणि ती म्हणाली, "पुरे झालं. बाइंडरला बोलवा. भोक पाडू दे, हिरवा रंग देऊ दे, काय हवं ते करू दे. संपलं माझं."

मुठीवाली बाबांच्या तोंडून "बरं" ऐकायला तयार झाली. पण ते आलंच नाही.

"संपलं?" बाबा म्हणाले. "आणि माझा शर्ट?"

"कुठला शर्ट?"

"निळ्या रेघांचा! कापड कपाटात पडलंय. ही पोर शाळेत होती तेव्हा आणलं मी. दर वेळी तू म्हणतेस, आधी गिऱ्हाईक, तुमचं काय, घरचंच आहे. सगळ्या गल्लीला शिवलंस तू! त्या बाइंडरचासुद्धा कोट शिवलास! आणि मी इथे तयार शर्टात, बाह्या दुमडून, दुसऱ्यांच्या कापडाची टोकं धरून उभा!" त्यांचा आवाज चिरकला. एवढं लांब वाक्य त्यांनी आयुष्यात बोललेलं नव्हतं, आणि ते त्यांचं त्यांनाही जाणवत होतं. "माझा शर्ट बेतल्याशिवाय तुझं संपत नाही. सांगून ठेवतो."

आता आई चिडेल, म्हणून मुठीवालीने लगबगीने कात्री तिच्यापुढे सरकवली. पण आई चिडली नाही. ती उठली, आतल्या कपाटातून सगळ्यात खालचं कापड काढलं, झटकलं आणि टेबलावर पसरलं. घडीच्या जागी निळ्या रेघा फिक्या पडल्या होत्या. तिने बाबांच्या खांद्याचं माप न घेता खडूने खुणा केल्या.

"इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस."

मुठीवालीने त्या खडू धरलेल्या हाताकडे पाहिलं. तो हात कामाला लागला होता. राग नाही, फोटो नाही, नुसतं काम. आता घेतली तर खरी पकड मिळणार होती, आणि चुकली तर होती तीही जाणार होती. तिने आईला विचारलं नाही. स्वयंपाकघरात धावत जाऊन चहासाठी तापत ठेवलेल्या पाण्याचं पातेलं आणलं आणि कात्रीच्या कड्या त्यात बुडवल्या. पांढरी मूठ बघता बघता पारदर्शक झाली. बाइंडरवरचा सगळा राग पाण्यात उतरला.

"काय केलंस हे!" आई ओरडली.

"धर आणि काप. लवकर."

आईने धरली. मऊ गोळा बोटांखाली हलला, पातं डळमळलं, कळेने तिचा श्वास अडकला. तेव्हा समोर टोक धरून उभे असलेले बाबा टोक सोडून तिच्या बाजूला आले आणि त्यांनी आपला अंगठा वरच्या कडीवर दाबला. कात्री स्थिर झाली. ती हळू, फार हळू पुढे गेली, खांद्याचा बाक घेतला, बगलेत वळली. आई श्वास रोखून कापत होती आणि बाबा श्वास रोखून दाबत होते. बाही बेतून होईपर्यंत मूठ पांढरी झाली होती.

मग आईने एकटीने दुसरी बाही बेतली. कुणी तिला चिडवलं नाही. तरी कात्री चालली. जिथे दुखायचं तिथे मूठ आता हाताला आधार देत होती. मुठीवाली खुर्चीवर बसली आणि चक्क रडली, आणि आई म्हणाली, "रडायचं तर लांब जा, कापडावर डाग पडेल."

ती पकड तिने कारखान्यात नेली. दुखऱ्या हातांसाठी कात्री काढायचा विचार तिथे चाललाच होता. साचेवाल्याने मूठ उलटसुलट करून पाहिली. "बोटं चार, अंगठे दोन," तो म्हणाला. "हा वरचा खड्डा कुणाचा?"

"तो आहे तसा राहू द्या."

"काम काय त्याचं?"

"आहे काम," मुठीवाली म्हणाली. साचेवाल्याने खांदे उडवले. गार झाल्यावर प्लॅस्टिक आकसतं म्हणून साचा तो नेहमीच मापापेक्षा किंचित मोठा बनवायचा. त्या खड्ड्यालाही त्याने तेवढीच जास्तीची जागा दिली.

पहिल्या खेपेतली एक कात्री ती घरी घेऊन आली. रविवार होता, म्हणजे टेबल बाइंडरचं. आता तसं ठरलं होतं, आणि खळ सांडली की आई त्याला सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोले, केवळ हौसेने. त्याची पुस्तकं एका बाजूला सारून आईने कापड पसरलं आणि नवी कात्री हातात घेतली. बोटं आपापल्या जागी बसली.

"हा खड्डा कशाला ठेवलाय गं इथे?" तिने विचारलं.

बाबा निळ्या रेघांच्या शर्टात टोक धरायला म्हणून आले, आणि आईच्या बाजूला उभे राहून सहज त्यांनी अंगठा तिथे टेकला. बरोबर बसला.

"डावी बाही लांब झालीय," ते म्हणाले.

"आहे तशी घाला," आई म्हणाली, आणि दोघांनी मिळून कापायला सुरुवात केली.