एक वाजताची हिरवी ओळ

"म्हणजे माझ्या प्रोग्रामचं घर माझंच राहणार, पण दारं बुजवणार. असंच ना?" म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर सरकवला.

"सर, घर आहे तसंच. फक्त परक्याला आत हिंडू द्यायचं नाही. खिडकीवर या, मागा, घ्या, जा." समोर बसलेली इंजिनीअरबाई गोदामाच्या ऑफिसातून आली होती.

म्हातारी स्वयंपाकघरात होती. शाळा चौथीपर्यंतची, पण कान पदवीधर.

औषधांच्या त्या गोदामाचा प्रोग्राम तिच्या नवऱ्याने ऐन तारुण्यात लिहिला होता. काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं. दुकानदार फोन करायचे, कारकून ऑर्डर भरायचे. आता दुकानांना आपल्याच कॉम्प्युटरवरून ऑर्डर टाकायची होती. त्या सोयीला ही माणसं एपीआय म्हणत. ती करायची कशी, यावर सकाळपासून घोळ चालला होता.

"माझ्या स्क्रीनसमोर रोबो बसवा," म्हातारा म्हणाला. "लोखंडाचा नव्हे हो, दुसरा प्रोग्रामच. कारकुनासारखा भराभर टाइप करेल. माझं एक अक्षर हलायला नको."

"आणि त्या रोबोची किल्ली चोराच्या हाती लागली तर? झोपेच्या गोळ्यांपर्यंत सगळं मोकळं! त्यापेक्षा स्क्रीन वगळू. मागचं तुमचं गणित ठेवू आणि प्रत्येक कामाला वेगळी खिडकी करू." तिने आवाज खाली आणला. "सर, आज ठरलं नाही तर सगळंच मोडीत काढू म्हणालेत साहेब."

आत भांडं आदळलं. नवऱ्याला नावं ठेवायचा हक्क म्हातारीचा एकटीचा होता, कुठल्या साहेबाचा नव्हे.

"बघाच आता," म्हणत म्हाताऱ्याने आपला रोबो लॅपटॉपवर सुरू केला. खोट्या ऑर्डरी सरासर भरल्या जाऊ लागल्या. मिशीत हसू आलं. आणि अचानक सगळं ठप्प.

"अडकला, सर. ओळखीचा रकाना दिसेना त्याला."

"अडकेल कसा?" तो पुटपुटला, पण स्क्रीनकडे बघेना.

"उचला ते खेळणं, पानं मांडायचीत," म्हणत म्हातारी ताटं घेऊन आली आणि उभीच राहिली. एकेका अक्षरावर बोट ठेवत तिने वाचलं, "आधी... जेवून... घ्या."

खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं : जेवण झाल्यावर कोणतंही बटण दाबा.

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजला होता.

लग्नानंतर ती रोज एकला ऑफिसात फोन करायची. "आधी जेवून घ्या!" आवाज असा की शेजारच्या टेबलावरही जेवायची आठवण व्हायची. ऑफिस हसायचं. एकदा हा वैतागला, "पुरे गं तुझा भोंगा." तिने पुन्हा फोन केला नाही. मान ताठ ठेवली, पण मनाला लागलं ते लागलंच.

"हे कधीचं?" तिने विचारलं.

"तू फोन बंद केलास ना, तेव्हाचं. मला भूकच कळेना." तो नखाने टेबल कुरतडत राहिला. "मग ही ओळ सगळ्यांनाच लावून टाकली. एक वाजला की गोदाम उठायचं."

"आणि मला सांगायला तोंड नव्हतं?"

"तुझ्यापुढे कुणाला असतं?"

इंजिनीअरबाईने हसू गिळलं. मग हळूच म्हणाली, "सर, रोबो बसवला तर रोज एकला सगळी दुकानं अडकतील. एवढी ओळ मात्र काढता येईल."

"ओळ काढून स्क्रीन ठेवू? मग ठेवायचं कशाला?" त्याने त्या ओळीवरून एकदा बोट फिरवलं. शेवटी चष्मा नाकावर घेतला. "खिडक्याच करा. प्रत्येक दुकानाला वेगळी किल्ली द्या. गणित तेवढं जपा."

"जपेन, सर."

"यंत्राला मेली कसली भूक!" म्हातारी तडकली आणि तोंड फिरवून आत गेली. आतूनच आवाज आला, "बाई, तुम्ही जेवून जायचं. नाही म्हणायचं नाही."

वाफाळता भात घेऊन ती बाहेर आली, तेव्हा म्हातारा लॅपटॉप मिटायला निघाला होता.

"राहू द्या हो. जेवण होईपर्यंत राहू द्या."

त्याने लॅपटॉप टेबलाच्या कडेला सरकवला. तिघं जेवायला बसली. ताटांपलीकडे हिरवी ओळ लुकलुकत होती. जेवण उरकलं, हात वाळले, तरी कुणी बटण दाबलं नाही.