कोर्टाच्या हुकमाची पंगत

गुड्डीनं जातीबाहेर लग्न केलं म्हणून जातपंचांनी तिच्या आईवडलांना वाळीत टाकलं. पुढं वडील वारले, तेव्हा खांदा द्यायला बिरादरीतलं कोणी फिरकलं नाही. जावई आणि त्याच्या मित्रांनीच तिरडी उचलली. दिवस झाल्यावर गुड्डीच्या आईनं, निर्मलाबाईंनी पंचांवर केस केली आणि भंडाऱ्याच्या कोर्टात एकटीनं तारखा केल्या. वकील म्हणायचे, "बाई, ही तुमच्या एकटीची केस नाही. यापुढं कोणाला वाळीत टाकायची कोणाची छाती होणार नाही."

पंचांना शिक्षा झाली. पुढच्या लग्नसराईत मुख्य पंच कैलाश अपील करून जामिनावर असतानाच, पुतणीच्या लग्नाची पत्रिका घेऊन निर्मलाबाईंच्या दारात आला. त्या नवं लुगडं नेसून गेल्या आणि बायकांच्या पंगतीत बसल्या. तशा दोन्ही बाजूंच्या बायका उठल्या. मग समोरची रांगही उठली. वाढपी मात्र त्यांच्या पत्रावळीत भात, वरण, वांग्याची भाजी वाढत राहिला.

"हे काय करून राहिले, कैलाशभाऊ?"

"कोर्टानं वाळीत टाकू नका म्हनलं. आमी बोलावलं, वाढलं," कैलाश शांतपणे म्हणाला. "कोन कोनाजवळ बसन, हे कोर्टानं नाई सांगतलं."

उठून जावं असं त्यांना फार वाटलं. पण मग 'बाईच जेवली नाही' असं सांगायला सगळे मोकळे झाले असते. रिकाम्या पंगतीत बसून त्यांनी पत्रावळीतलं शेवटचं शीत संपवलं.

घरी पोचताच गुड्डीचा फोन आला. "आई, बसवलं का तुले पंगतीत?"

"बसवलं," त्या म्हणाल्या. "पोटभर जेवली मी."