प्रत्येक वाक्य दोनदा

"एका म्हातारीकडे एक बोकड होता," नातीने माइकवर वाचलं, आणि लगेच पुन्हा वाचलं, "एका म्हातारीकडे एक बोकड होता."

शाळेच्या सभागृहात प्रकट वाचनाची स्पर्धा चालली होती. तिसऱ्या वाक्याला मागे खसखस पिकली. पाचव्याला अख्खा हॉल तिच्याबरोबर एका सुरात दुसरी खेप म्हणू लागला. पहिल्या रांगेत छाती फुगवून बसलेल्या आजोबांना वाटलं, काय रंगली आहेत पोरं! बाईंनी नातीच्या हातातून पुस्तक काढून घेतलं, तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

चूक त्यांचीच होती. एकतीस वर्षं ते बसस्थानकावरच्या काचेच्या खोलीतून गाड्या पुकारत आले होते. तिथला नियम साधा, प्रत्येक वाक्य दोनदा. गडबडीतल्या माणसाला पहिल्यांदा नुसता आवाज ऐकू येतो, गाडी कळते ती दुसऱ्यांदा. सगळे त्यांना भोंगा म्हणायचे आणि ते खुशाल 'ओ' द्यायचे. निवृत्त होऊन लेकीकडे राहायला आल्यावर त्यांच्या वाट्याला एकच काम उरलं, संध्याकाळी नातीला जवळ घेऊन वाचायचं. पहिली खेप तिने ऐकायची, दुसरी बरोबर म्हणायची. पोरगी सहाव्या वर्षीच घडाघडा वाचू लागली. तेव्हा लेक शेजाऱ्यापाजाऱ्यांना कौतुकाने सांगत सुटली होती.

आज मात्र बाईंनी लेकीला बाजूला घेतलं होतं. "डॉक्टरांना दाखवून घ्या एकदा. असतं काही मुलांना तसं."

घरी आल्यावर लेकीने चपलाही काढल्या नाहीत.

"झालं समाधान, बाबा?"

"अगं, पण एकही शब्द अडला नाही तिचा."

"माझाही नव्हता अडत. मला वर्गात 'डबल' म्हणायचे. पार दहावीपर्यंत. तुम्हाला काय सांगणार? तुम्ही आपले खूश, पोरगी हुशार निघाली म्हणून."

आजोबांना हे आजवर ठाऊक नव्हतं. नातीची फजिती एक वेळ पचली असती, ही जुनी फजिती काही केल्या गिळवेना.

"यापुढे तिला मोबाइल वाचून दाखवेल," लेक म्हणाली. "तो एकदाच वाचतो."

आठवडाभर मोबाइलने इमानेइतबारे वाचलं. मग एका संध्याकाळी त्याचं चार्जिंग संपलं आणि नात पुस्तक घेऊन आजोबांकडे आली. त्यांना आभाळ ठेंगणं झालं.

"पण एकदाच वाचायचं हं."

"एकदाच. शप्पथ."

त्यांनी वाचायला घेतलं. वाक्य संपलं की ते थांबायचे आणि मग पुढच्यावर जायचे. दोन पानं बरी निभावली. तिसऱ्या पानावर नात पुस्तक सोडून त्यांच्या तोंडाकडे बघू लागली.

"तुम्ही मनात परत म्हणताय."

"नाही गं."

"ओठ हलतायत. कसंतरीच दिसतं. द्या इकडे, मीच वाचते."

तिने पुस्तक ओढून घेतलं आणि भरभर वाचू लागली, एक वाक्य एकदा. आजोबांनी हाताचा पंजा तोंडावर दाबून धरला. नातीने पान उलटलं, आणखी एक उलटलं. गोष्ट संपेपर्यंत त्यांनी तो हात काढला नाही.